पोटखराब्याची माती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मातीला थर असतात हे मी शाळेच्या भूगोलात वाचले होते, पण ते पाहिले अब्बांच्या कबरीत. १९९६ सालचा मे महिना होता. काटोल तालुक्यातल्या आमच्या गावाचे कब्रस्तान वस्तीच्या वर, माळाच्या कडेला आहे. जनाजा यायला वेळ होता आणि मी खोदकामाच्या काठावर उभा होतो. वरची वीतभर माती तपकिरी, गवताच्या मुळांनी विणल्यासारखी. तिच्याखाली दगडगोटे मिसळलेला पिवळसर पट्टा, त्यात चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मग कुदळीचा आवाज बदलला. मुरूम लागला होता. कबर खोदणारे चाचा घाम पुसत म्हणाले, "काळीतली कबर लवकर खोदून होते बेटा, पण पावसाळ्यात खचते न् उन्हाळ्यात भेगाळते. मुरमातली खोदाले जीव जाते, पण मंग ते हालत नाही." दफनाच्या वेळी तीन मुठी माती द्यायची असते. माझ्या मुठीत आली ती नेमकी तळची, मुरमाची.

अब्बांमागे वाटणी झाली. खालची दोन एकर काळी भाईजानकडे गेली. घर तेच चालवत होते, त्यामुळे त्यात गैर काही नव्हते. वरचा सव्वा एकर माझ्या नावावर आला. हलकी जमीन कवीला गेली, अशी गावात थट्टा झाली. सातबाऱ्यावर त्यातला बराचसा भाग पोटखराबा आहे. पोटखराबा म्हणजे गटातला लागवडीला अयोग्य ठरलेला भाग. शब्दच असा आहे की त्या जमिनीला पोटाचे दुखणे असावे असे वाटते. २००४ साली जवळच्या रस्त्याला मुरूम हवा होता. मी नागपुरात, मुलीच्या फीच्या विवंचनेत. खराबाच तर आहे, असे मनाला सांगून मी अर्ध्या एकराचा मुरूम विकला. यंत्राने दोन दिवसांत पुरुषभर खड्डा केला. आज वीसहून अधिक वर्षे झाली, त्या अर्ध्या एकरात गवत नाही. त्याला लागून असलेल्या, न खोदलेल्या तुकड्यावर दर भाद्रपदात गुडघाभर गवत डुलत असते. आज मला या दोन तुकड्यांविषयी बोलायचे आहे. मी बी.ए. झालेला माणूस, शास्त्रज्ञ नाही. पण हा धडा मी फी भरून शिकलो आहे.

मराठीत नाव देणे वेगळे आणि नावे ठेवणे वेगळे. मातीच्या बाबतीत आपण दोन्ही एकदम करतो.

नागपूर शहर भूगर्भाच्या एका सीमेवर वसले आहे. दख्खनचा काळा दगड, जो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, तो पश्चिमेकडून येत येत साधारण इथे संपतो. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने स्फटिकी खडक आहेत. म्हणून काटोल-कळमेश्वरकडे काळी माती, कापूस आणि संत्री. भंडाऱ्याच्या वाटेला लागलात की पिवळी-तांबडी माती आणि धान. शाळेच्या पुस्तकात काळ्या मातीला 'रेगूर' म्हणतात. आमच्या भागात हा शब्द मी कोणा शेतकऱ्याच्या तोंडून अजून ऐकलेला नाही. आमचे शब्द काळी, मोरंड, खरडी आणि बरडी. काळी म्हणजे खोल, चिकट, भेगाळणारी. मोरंड तिच्याहून थोडी हलकी, रंगाने उतरलेली, चुनखडीचे खडे असलेली. खरडी उथळ आणि खडकाळ. बरडी म्हणजे उतारावरची किंवा टेकाडावरची तांबूस, मुरमाड जमीन, जिच्यात नांगर अडखळतो. जुन्या मध्य प्रांताच्या जमाबंदीत इंग्रज अधिकाऱ्यांनी हेच शब्द उचलून कागदावर नेले. जाता जाता सांगतो, सीताबर्डीला आपण नागपूरकर नुसते बर्डी म्हणतो. त्या नावामागे दोन गवळी भावांची कथा सांगितली जाते. मला मात्र किल्ल्याच्या टेकडीचा उंचवटा पाहिला की बरडच आठवते. हा कवीचा तर्क आहे, इतिहासकारांनी मनावर घेऊ नये.

याहून जुनी एक जोडी आपल्याकडे आहे: काळी आणि पांढरी. गावाची वस्ती ती पांढरी, कारण पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती तिथे साचलेली असते. शेते ती काळी. या दोन शब्दांत सगळे गाव बसते असे म्हणतात. पण गुरे जिथे दिवस काढतात तो माळ या जोडीत कुठेच नाही.

सरकारने माती मोजली ती सारा ठरवण्यासाठी. मुंबई इलाख्यात १८३६ पासून इंदापूरकडे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी पद्धत बसवली, तिच्यात जमिनीला आणे दिले जात. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती सोळा आणे. खोली पाव-पाव हाताने कमी झाली की आणे उतरत जात. मग दोष पाहायचे. चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी साचते का, ओहळ माती वाहून नेतो का? प्रत्येक दोषाला आणखी कपात. पुढे वऱ्हाडची मोजणीही याच वळणाने झाली. पद्धत हुशारीची होती, खोदून पाहणारी होती, यात वाद नाही. पण तिचा प्रश्न एकच होता: या जमिनीतून पीक किती आणि त्यावर सारा किती? जिच्यातून पीक नाही तिच्याविषयी विचारायलाच काही उरत नव्हते. ती खराबा. आजही आपण तीच उत्तरपत्रिका वाचतो आहोत.

मातीला दुसरा प्रश्न विचारणारी एक संस्था आपल्याच शहरात आहे. अमरावती मार्गावरून जाताना राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही पाटी तुम्ही पाहिली असेल. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही संस्था १९७६ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. देशभरातल्या मातीचे नकाशे तिने केले. तिथल्या लोकांचा प्रश्न असतो: ही माती कशी झाली, आणि आज ती कशी आहे? मृदा सर्वेक्षणात आयुष्य घालवलेला माझा एक मित्र आहे. त्याला एकदा मी माझा खराबा दाखवायला नेले. त्याने आधी न खोदलेल्या तुकड्यावर खड्डा घ्यायला लावला, एका बाजूवर ऊन पडेल असा. मग त्या बाजूला सुरीने टोकरत बसला. मला वाटले, हा मातीची हजामत करतो आहे. पण फावड्याने दाबली गेलेली माती मोकळी केल्याशिवाय तिची खरी घडण दिसत नाही, असे त्याचे म्हणणे.

मग एकेक थर घेऊन त्याची विचारपूस सुरू झाली. किती खोलीपासून किती खोलीपर्यंत? खालच्या थराशी सीमा स्पष्ट की अंधूक? ढेकूळ फुटते ते दाणेदार की टोकदार कंगोऱ्यांचे? मुळे किती, बारीक की जाड? दगड किती टक्के? ओलसर माती अंगठा आणि तर्जनीत दाबून तिची पट्टी काढायची. लांब, गुळगुळीत पट्टी निघाली तर चिकणमाती जास्त. लगेच तुटली तर कमी. बोटांना खरखर लागली तर वाळू. मग पातळ आम्लाचा थेंब. बुडबुडे आले म्हणजे चुना. हे सगळे त्याने कानाजवळ आणूनही ऐकले. काही वेळा फसफस दिसत नाही, पण ऐकू येते.

रंगाची गंमत मला सर्वांत भावली. माणसागणिक 'तपकिरी' वेगळा असतो, म्हणून हे लोक रंगांच्या तुकड्यांची एक छोटी वही बाळगतात आणि मातीचा खडा तिच्या पानाशी धरून पाहतात. ही पद्धत बसवली आल्बर्ट मुन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने, जो चित्रकलेचा शिक्षक होता. १९०५ साली त्याने आपले रंगलेखनाचे पुस्तक काढले, आणि पुढे मातीवाल्यांनी ते आपलेसे केले. चित्रकाराची वही मातीच्या खड्ड्यात उतरलेली पाहून मला बरे वाटले. आमच्या खालच्या शेतातल्या काळीचा रंग या वहीत १० वायआर ३/१ असा निघाला. आणि एक गोष्ट कळली, जी मी उलटी समजत होतो. काळी माती काळी असते म्हणजे ती सेंद्रिय कसाने भरलेली असते असे नाही. तिच्यातला सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. थोडासाच कुजलेला अंश चिकणमातीच्या कणांना असा घट्ट बिलगून बसतो की सगळी माती काळी दिसते. रंगावरून माणूस ओळखू नये म्हणतात, मातीही नाही.

वर्गीकरणाची त्यांची भाषा अमेरिकेत तयार झाली, १९७५ साली ग्रंथरूपाने आली आणि आता तिच्यात मातीच्या बारा गणांची नावे आहेत. आपल्याकडच्या कोरड्या भागाला त्यातली तीन पुरतात. खोल काळी ती व्हर्टिसॉल, म्हणजे उलटणारी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुकटी भेगांत पडते, पावसात माती फुगते आणि आतल्या आत सरकते. खोल खणले तर घासून चकचकीत झालेले पृष्ठभाग सापडतात. चाचांनी कबरीबद्दल सांगितले ते हेच. जिची घडण नुकती सुरू झाली आहे ती इन्सेप्टिसॉल. आणि जिला थर धरायला अजून वेळच मिळालेला नाही ती एंटिसॉल. माझा खराबा या शेवटच्या वर्गात पडला. त्यातही नावापुढे एक उपपद लागले, ज्याचा अर्थ, अर्ध्या मीटरच्या आत खडक. ही परकी नावे जिभेला जड जातात, पण त्यांच्यात शिवी नाही. 'अजून तरुण माती' आणि 'खराबा' यांत फरक आहे. शिवाय नमुन्याच्या मातीला हे लोक गावाचे नाव देतात. नागपूर जिल्ह्यातल्या लिंगा गावावरून 'लिंगा' नावाची काळ्या मातीची श्रेणी आहे आणि ती शास्त्रीय लेखांत देशोदेशी वाचली जाते.

आता कोणी विचारेल, नागपूरला वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग इथे कोरड्या माळाची गोष्ट कशाला? कोरडे माळ नगर-सोलापूरकडचे. पण आभाळ किती देते एवढ्याने भागत नाही, जमीन किती ठेवते तेही पाहावे लागते. खोल काळी माती मीटरभर खोलीत दीडशे ते अडीचशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. वीतभर मुरमाड मातीत त्याचा फार तर पाचवा-सहावा हिस्सा मावतो. बाकीचे ओढ्याला जाते किंवा मुरमाच्या फटींतून खाली. पावसाने आठवडाभर दडी मारली की खालचे कपाशीचे शेत तग धरते आणि वरचा माळ कोमेजतो. एकाच पावसात, एकाच गावात, बांधाच्या अलीकडे एक हवामान आणि पलीकडे दुसरे. भाईजान आणि मी एकाच गावात जमिनीचे मालक आहोत, पण पाण्याच्या हिशेबाने त्यांचे शेत वऱ्हाडात आहे आणि माझे सोलापुरात.

अशा जमिनीत जे टिकते ते गवत. भारतातल्या गवताळ प्रदेशांची मोठी पाहणी करून दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली 'द ग्रास कव्हर ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला आणि देशातील गवतांचे पाच मुख्य समूह पाडले. आपल्या सबंध पठाराचा समूह पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या शास्त्रीय नावांनी ओळखला जातो. ढोबळ मानाने, खडकाळ उतारावर पवन्या आणि सखल, जरा खोल मातीत मारवेल. दोन्ही गुरे आवडीने खातात. चराई वाढली की पवन्या मागे हटतो आणि कुसळी पुढे येते. तिची कुसळे मेंढरांच्या लोकरीत आणि माणसांच्या धोतरात रुततात. त्याहून जास्त झाले की बारीक, रोड, निकस गवते, आणि शेवटी तरोटा, ज्याला ढोर तोंड लावत नाही.

आमच्या गावच्या ढोरक्याला यातले एकही शास्त्रीय नाव ठाऊक नाही. पण त्याचे स्वतःचे वर्गीकरण आहे आणि ते महिन्यांवर चालते. अमुक टेकाडाचे गवत दसऱ्यापर्यंत, अमुक खोलगटाचे संक्रांतीपर्यंत, नाल्याकाठचे होळीपर्यंत. मी त्याला विचारले, माझा तुकडा कोणत्या वर्गातला? तो म्हणाला, "तुमचा दिवाळीपावतर. अन् तो खणलेला कोन्याच वर्गात नाही." मित्राने खड्ड्यात उतरून, वही धरून, आम्ल टाकून जे सांगितले त्याच्याशी हे तंतोतंत जुळत होते. मित्राच्या पद्धतीत जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग असतात. पहिले चार नांगराचे, पुढचे गवताचे आणि झाडझाडोऱ्याचे. माझा तुकडा सहावा. म्हणजे नांगर नको, बेताने चारला तर गवत देत राहील. सहावा वर्ग म्हणजे नापास असे मी समजलो होतो. तो म्हणाला, "हा गुणानुक्रम नाही, कामाची वाटणी आहे." खरे सांगायचे तर मला हे पटायला वेळ लागला. आकडा वाढला की दर्जा घसरला, हे आपल्या अंगवळणी पडले आहे.

वर्धा-आर्वीकडची गवळाऊ गाय अशाच रानांवर वाढली. हलकी, चपळ, पांढरी गाय. काळ्या मातीच्या शेतांनी कापूस दिला हे सगळे सांगतात. ती शेते नांगरणारे बैल चरायला कुठे जात होते, हे क्वचित सांगितले जाते.

माझा तुकडा खासगी आहे. मोठा प्रश्न आहे गावाच्या सामाईक रानाचा. अमरावतीकडे त्याला ई-क्लास म्हणतात, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत बऱ्याच ठिकाणी कागदावर शब्द आहे 'झुडपी जंगल'. जुन्या मध्य प्रांतातून आलेला हा शब्द. या जमिनी महसूल खात्याच्या, गावाच्या चराईसाठी, निस्तारासाठी ठेवलेल्या. मुरमाड, दगडगोट्यांची, मोठी झाडे न पेलणारी, बोरी-हिवर-तरवडीची जमीन, असेच त्यांचे वर्णन होत आले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्याबरोबर हा शब्दही आला, आणि १९८० सालच्या वन संवर्धन कायद्यानंतर भांडण सुरू झाले. शब्दातले 'झुडपी' महत्त्वाचे की 'जंगल'? शेवटी २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही जमीन वनच मानायची. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी जिथे रीतसर वाटप झाले, तिथे ती नियमित करून घेण्याचा मार्ग मोकळा ठेवला. वाद मुख्यतः होता सुमारे ८६ हजार हेक्टरांचा. त्यावर शाळा आहेत, वस्त्या आहेत, कचेऱ्या आहेत, कब्रस्ताने आणि स्मशानेही आहेत.

निकालाने त्या जमिनीला संरक्षण मिळाले, याचा मला आनंद आहे. यंत्राच्या दातांपासून वाचणारी प्रत्येक मुरमाड एकर मला माझ्या अर्ध्या एकराची भरपाई वाटते. पण एक शंका आहे. जंगल म्हटले की उद्या कोणीतरी तिथे ओळीने खड्डे खणून रोपे लावायला येईल. वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या जागी मोठ्या झाडाचे मूळ जाणार कुठे? आणि खड्डा खणताना विणलेले गवत उसवते, ते वेगळेच. पडीक म्हटले की यंत्र येते, जंगल म्हटले की रोप येते. गवताळ माती अशी नोंद आपल्या रकान्यांत नाही. मृदा सर्वेक्षणाच्या नकाशात ती आहे. तो नकाशा आणि सातबारा एका टेबलावर ठेवून कधी तरी वाचले गेले तर बरे होईल.

मित्राने शेवटी माझ्या जुन्या खड्ड्याचीही नोंद केली. नमुना-पत्रकात त्याने वरच्या थरापुढे आडवी रेघ मारली. तिथे थर नव्हताच, सुरुवातच मुरमापासून. पाऊस एवढा पडूनही गवत का नाही, याचे कारण त्याने कुसळीचे एक बी हातावर ठेवून दाखवले. बियाण्याला लांब, पिळदार शेपूट असते. दमट हवेत तो पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा वळतो, आणि असे फिरत फिरत बी गिरमिटासारखे स्वतःला जमिनीत रोवते. रोवायला निदान बोटभर मऊ माती लागते. शेजारच्या तुकड्यावरून दरवर्षी हजारो बिया वाऱ्याने माझ्या खड्ड्यात येऊन पडतात, उघड्या मुरमावर फिरत राहतात आणि उन्हाने वाळून जातात.

त्यानंतर मी खड्ड्याच्या उतारावर दगडांची एक ताल घातली, गुडघ्याएवढी. काही विशेष काम नाही, भाईजानच्या नातवाने आणि मी मिळून दोन रविवारी केले. वरून वाहून येणारा गाळ तिच्या पाठीशी अडतो. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा पट्टी लावून पाहिले. कोपऱ्यात तीन बोटे माती जमली आहे आणि तिच्यात तरोटा उगवला आहे. कुसळी अजून आलेली नाही.